बरोक काळातली भक्तिपर रेखाटनं आणि त्यांचं तंत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सतराव्या शतकातल्या, म्हणजे बरोक या नाट्यमय कलाशैलीच्या काळातल्या, इटलीत ख्रिस्ती धर्मविषयांवर झालेल्या रेखाटनांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला ओळख, मधे साहित्य आणि हातकाम, शेवटी नकला, जतन आणि गोव्याचा धागा असा क्रम आहे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बरोक भक्तिपर रेखाटन म्हणजे नेमकं काय? लोक त्याची पूजा करायचे का?

बहुतेक वेळा नाही. प्रार्थना व्हायची ती चर्चमधल्या वेदीवरच्या रंगीत चित्रासमोर. ते चित्र करण्याआधी चित्रकारानं कागदावर जो विचार केला, त्याला आपण रेखाटन म्हणतो. येशूचे दुःखभोग, मरिया आणि बाळ, संतांचं हौतात्म्य, पश्चात्ताप, साक्षात्कार हे त्याचे नेहमीचे विषय. काम झालं की कागद कार्यशाळेतल्या गठ्ठ्यात जायचा. म्हणून त्यावर शाईचे डाग दिसतात, हात दोनदा काढलेला दिसतो, पाठीमागे भलतंच काहीतरी सापडतं.

दुसरा प्रकार छापचित्रासाठी केलेल्या नेटक्या रेखाटनांचा. तो कागद तांब्याचा पत्रा कोरणाऱ्याच्या हाती जायचा, त्यामुळे त्यात संदिग्ध रेघ चालत नसे. तिसरा प्रकार स्वतंत्र रेखाटनांचा. त्याबद्दल प्रश्न १४ पाहा. समोरचा कागद यांपैकी कशासाठी झाला होता हे कळल्याशिवाय त्याला ‘अपुरा’ किंवा ‘कच्चा’ म्हणू नये.

२. त्रेंतच्या धर्मपरिषदेचं नाव प्रत्येक लेखात येतं. रेखाटनाशी तिचा काय संबंध?

डिसेंबर १५६३मध्ये कॅथलिक चर्चच्या या परिषदेनं आपल्या शेवटच्या बैठकीत पवित्र प्रतिमांबद्दल ठराव केला. प्रतिमा ठेवाव्यात, त्यांचा मान राखावा, मात्र त्यांतून चुकीची शिकवण किंवा अंधश्रद्धा पसरू नये, आणि यावर बिशपांनी लक्ष ठेवावं, असा त्याचा आशय. बोलोन्याचे आर्चबिशप गाब्रिएले पालेओत्ती यांनी १५८२मध्ये याच विषयावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्याच शहरात लुदोविको, आगोस्तिनो आणि अन्निबाले या कार्राच्ची मंडळींनी आपली चित्रशाळा काढली. तिथे समोर माणूस बसवून रेखाटन करण्यावर भर होता.

कागदावर याचा परिणाम थेट दिसतो. अक्षरओळख नसलेल्या माणसाला चर्चच्या मधल्या भागात उभं राहून प्रसंग कळला पाहिजे, आणि कळून तो हललाही पाहिजे. मग संताचा हात छातीवर असावा की उघडा, मान किती कलावी, उजेड कुठून यावा, यासाठी पानंच्या पानं खर्ची पडतात.

३. तुम्ही सगळीकडे ग्वेर्चिनो या चित्रकाराचंच उदाहरण का देता?

कारण त्याचे कागद भरपूर टिकले, आणि त्यांत विचार करणारा हात स्पष्ट दिसतो. त्याचं खरं नाव जोव्हान्नी फ्रान्चेस्को बार्बिएरी. ‘ग्वेर्चिनो’ म्हणजे तिरळा. जन्म १५९१, गाव चेंतो, बोलोन्या आणि फेर्रारा यांच्या मधलं. १६१६मध्ये त्यानं चेंतोत नग्न मॉडेलवरून अभ्यास करण्यासाठी शाळा काढली. १६२१मध्ये पंधरावे ग्रेगरी पोप झाले तेव्हा तो रोमला गेला आणि तिथे सेंट पीटर्ससाठी संत पेत्रोनिलाच्या दफनाचं सात मीटरहून उंच वेदीचित्र केलं (१६२३, आता कापितोलिनी संग्रहालयात). पोप वारल्यावर तो गावी परतला. बोलोन्याचा नामवंत चित्रकार गीदो रेनी १६४२मध्ये वारला, त्यानंतर तो बोलोन्याला राहायला गेला आणि १६६६मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला.

रेखाटनं त्याच्या भाच्यांकडे, जेन्नारी घराण्यात, राहिली. अठराव्या शतकात त्यांतला मोठा गठ्ठा इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जसाठी विकत घेतला गेला. शेकडो कागद आज विंडसरच्या राजसंग्रहात आहेत आणि त्यांतले बरेच मोठ्या आकारात ऑनलाइन पाहता येतात. शिकणाऱ्याला याहून चांगला वर्ग मिळणं कठीण.

४. एका चित्रासाठी किती रेखाटनं व्हायची? त्यांचा क्रम काय?

ठरावीक आकडा नाही. क्रम ढोबळमानानं असा: आधी पिसाच्या लेखणीनं झरझर मांडणी, मग त्याच किंवा पुढच्या कागदावर कुंचल्यानं वॉश (पातळ केलेल्या शाईचा हात) देऊन उजेड-सावलीची वाटणी, मग एकेक हात, डोकं, कापडाची घडी खडूनं, शेवटी मांडणी कॅनव्हासवर नेण्याची तयारी (प्रश्न १३).

ग्वेर्चिनोच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचा दुसरा कागद पहिल्याची सुधारलेली प्रत असेलच असं नाही. डावीकडे गुडघे टेकलेला माणूस पुढच्या कागदावर उजवीकडे जातो, उभा असलेला बसतो, देवदूत नाहीसा होतो. त्यामुळे ‘जास्त नेटका तो नंतरचा’ हा नियम लावून क्रम ठरवायला गेलं तर फसगत होते. क्रम ठरवायचा तर एकाच कागदातले थर वाचावेत: खाली फिकट खडू, त्यावर शाईची रेघ, त्यावर वॉश. वॉश रेघेवरून गेलाय की रेघ वॉशवरून, हे भिंगातून दिसतं. कोरड्या वॉशवर नंतर मारलेली रेघ कडक आणि गडद असते. ओल्यात मारलेली फुलते. चित्रकारानं कधी मत बदललं ते तिथेच कळतं.

५. ही शाई मुळात तपकिरीच असायची का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. ग्वेर्चिनोच्या बहुतेक लेखणीच्या रेखाटनांत लोह-माजूफळाची शाई आहे, आणि ती ताजी असताना काळी किंवा काळपट जांभळी असते. माजूफळातल्या टॅनिनपासून मिळणारं गॅलिक आम्ल आणि हिराकशीतलं लोह यांचा संयोग सुरुवातीला जवळजवळ रंगहीन असतो. हवेतला प्राणवायू लागला की काही मिनिटांत काळा होतो. पुढे शतकांच्या ओघात तो काळा रंग विघटित होतो आणि लोहाचा गंजासारखा तपकिरी उरतो.

म्हणजे आज आपल्याला जी ऊबदार, सोनेरी-तपकिरी संध्याकाळ दिसते, ती पुष्कळदा काळानं दिलेली आहे. ग्वेर्चिनोसमोर पांढऱ्या कागदावर काळी रेघ होती आणि पातळ केलेल्या शाईचा करडा वॉश होता. हा फरक मनात धरून चित्र पाहिलं की सावल्यांचा जोर एकदम वाढतो. रात्रीचे प्रसंग, तुरुंगातला संत पेत्र, मेणबत्तीजवळचा संत जेरोम हे विषय त्याला का पेलले, हेही मग उमगतं.

दुसरी एक तपकिरी शाई खरोखरच तपकिरी होती: बिस्त्र. ती लाकडाच्या, विशेषतः बीचच्या, चिकट काजळीपासून करत. तिच्यात लोह नसल्यानं ती कागद खात नाही. ‘सेपिया’ हा शब्द मात्र जपून वापरा. सेपिया म्हणजे माकुलीची शाई, आणि तिचा सर्रास वापर अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. सतराव्या शतकातल्या कागदाखाली ‘सेपिया’ लिहिलेलं असेल तर बहुधा तो फक्त रंगाचा उल्लेख असतो.

६. ही शाई घरी करता येईल का? माप काय?

येते, आणि साहित्य आपल्याकडे काष्टौषधींच्या दुकानात मिळतं. जुन्या इटालियन कारागिरांचं माप तोंडपाठ करण्यासारखं आहे: एक, दोन, तीन आणि तीस. म्हणजे डिंक १, हिराकस २, माजूफळ ३, पाणी ३०. सरावासाठी डिंक १० ग्रॅम, हिराकस २० ग्रॅम, माजूफळ ३० ग्रॅम, पाणी ३०० मिली पुरतं.

माजूफळ खलबत्त्यात भरडून घ्या. अगदी पीठ करू नका, गाळताना त्रास होतो. काचेच्या बरणीत पाण्यात तीन-चार दिवस भिजवा. घाई असेल तर मंद आचेवर तासभर उकळा आणि आटलेलं पाणी पुन्हा भरा. भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं घ्या. लोखंडी आणि अॅल्युमिनियमचं नको. दुहेरी मलमलीतून गाळा. हिराकस थोड्या पाण्यात विरघळवून त्यात ओता. द्रव लगेच काळवंडेल. बाभळीचा डिंक आदल्या रात्री वेगळा भिजत घालून तो शेवटी मिसळा. दोन दिवस तोंडाला फडकं बांधून ठेवा, अधूनमधून ढवळा, मग बाटलीत भरा. बुरशी लागू नये म्हणून दोन लवंगा टाकल्या तरी चालतात.

काय बिघडतं? हिराकस पोपटी, स्फटिकासारखी हवी; पिवळट-तपकिरी भुकटी झाली असेल तर ती हवेनं खराब झाली आहे आणि शाईत गाळ बसतो. डिंक जास्त झाला तर शाई ओढते, लेखणीतून उतरत नाही, वाळल्यावर चकाकते. कमी झाला तर कागदात फुटते. हिराकस सैल हातानं जास्त घातली तर शाई पहिल्या दिवशी छान काळी दिसते, पण पुढे कागद लवकर खाते (प्रश्न १७). फाउंटन पेनमध्ये ही शाई घालू नका, आणि मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. कपड्यावरचा डाग जात नाही.

७. पिसाच्या लेखणीऐवजी बोरू किंवा निब चालेल का?

चालेल, पण रेघ बदलेल. हंसाच्या किंवा बदकाच्या पंखातलं मोठं पीस मऊ आणि लवचीक असतं. दाबलं की रेघ फुगते, सोडलं की केसासारखी होते, आणि वळणावर अडत नाही. ग्वेर्चिनोच्या गुंडाळत जाणाऱ्या रेघा, ठिपके आणि शेपटीसारखे फटकारे यातूनच येतात. बोरूची रेघ जाड, बोथट आणि तुटक येते. शाई लवकर संपते. ती गरज असेल तिथे बोरू सुंदर दिसतो, रेम्ब्रांटनं तो मनसोक्त वापरला. पोलादी निब कागद खरवडते.

पीस कापण्याआधी काही तास पाण्यात भिजवा, मग तापवलेल्या वाळूत काही सेकंद खुपसून काढा. नळी कडक आणि पारदर्शक होते. कच्च्या पिसाचं टोक दहा रेघांत मऊ पडतं. तिरका काप, मग मधोमध सुमारे ५ मिमी चीर, मग दोन्ही बाजूंनी खांदे. चीर वाकडी गेली की शाईचा थेंब पडणारच. टोक कापून टाका आणि पुन्हा सुरू करा.

८. वॉश कसा द्यायचा? माझा तर नेहमी चिखल होतो.

चिखल होण्याची कारणं तीन: छटा फार, फेरे फार, आणि कागद चुकीचा.

ग्वेर्चिनोच्या चांगल्या कागदांत मोजून दोन, फार तर तीन छटा असतात. एक भाग शाईला सहा भाग पाणी ही फिकट छटा, एकास दोन ही मध्यम. सगळ्यांत गडद म्हणजे निव्वळ शाई, तीही मोजक्या जागी: डोळ्याची खोबण, बगलेखालची सावली, गुहेचं तोंड. दोन वाट्यांत छटा आधीच तयार ठेवा आणि वेगळ्या कागदावर वाळवून बघा, कारण लोह-माजूफळाची शाई वाळताना गडद होते. ओली असताना जे पाहिजे तसं दिसतं, ते दहा मिनिटांनी जास्त झालेलं असतं.

उजेड म्हणजे कोरा कागद. संताच्या कपाळावर, खांद्यावर, उघड्या पुस्तकावर कुंचला अजिबात टेकवायचा नाही. आधी ठरवा की उजेडाचा मोठा तुकडा कोणता, आणि तो वाचवत बाकीच्या जागेत भरलेला कुंचला एकदाच ओढा. सावली वस्तूच्या कडेशी थांबवू नका. ती माणसावरून मागच्या भिंतीवर सरळ जाऊ द्या. बरोक सावली आकृत्यांना एकत्र बांधते. प्रत्येक आकृतीला स्वतंत्र सावली दिली की शालेय चित्र होतं. थेंब साचला तर पिळलेल्या कुंचल्यानं टोकाकडून शोषून घ्या. अर्धवट वाळलेल्या वॉशवर पुन्हा जाऊ नका. कड फुटते, फुलकोबीसारखा डाग येतो आणि खालची रेघही सैल होते.

९. कागद कोणता घ्यावा?

त्या काळी कागद हेम्प (भांगेच्या झाडाचा धागा) आणि लिननच्या चिंध्यांच्या लगद्यापासून हातानं व्हायचा. साच्यातल्या तारांच्या बारीक रेघा आणि त्यांना काटकोनात जाणाऱ्या रुंद अंतराच्या रेघा उजेडासमोर धरल्या की दिसतात. जलचिन्हही तेव्हाच दिसतं. वर जिलेटिनचा लेप असायचा, म्हणून शाई पृष्ठभागावर थांबायची.

आज १०० टक्के कापसाचा, आम्लरहित, आडव्या-उभ्या तारांच्या खुणा असलेला कागद घ्या. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा चिंध्यांचा कागदही चालतो, फक्त लेप तपासा. पाण्याचा थेंब टाका: मिनिटभर मण्यासारखा टिकला तर कागद योग्य, लगेच शोषला गेला तर १०० मिली कोमट पाण्यात २ ग्रॅम जिलेटिन विरघळवून रुंद कुंचल्यानं दोन्ही बाजूंना लावा आणि दोरीवर वाळवा. गुळगुळीत कार्ट्रिज कागदावर शाई चांगली दिसते, वॉश मात्र सरकतो.

१०. तांबडा खडू म्हणजे आपला गेरूच ना?

जवळचा नातलग. दोन्हींचा रंग हेमेटाइट या लोहाच्या ऑक्साइडमुळे. चित्रकारांचा नैसर्गिक तांबडा खडू म्हणजे हेमेटाइट आणि चिकणमातीचा खाणीतून निघालेला घट्ट दगड, करवतीनं कापून कांडी केलेला. बाजारातला गेरू मऊ आणि कणीदार असतो. त्याच्या कांडीनं बारीक रेघ येत नाही, मधेच खडा लागून कागद ओरखडतो. गेरू वस्त्रगाळ करून अगदी पातळ डिंकाच्या पाण्यात मळून, सुरनळ्या करून सावलीत वाळवल्या तर बऱ्यापैकी कांडी होते. डिंक जास्त झाला की ती कागदावर उतरतच नाही.

मानवी त्वचा, विशेषतः क्रुसावरचा देह, यासाठी हा खडू अप्रतिम आहे, कारण रंग आधीच रक्तमांसाचा असतो. टोक ओलं केलं की रेघ गडद होते. डोळ्यांच्या पापणीसाठी ही युक्ती उपयोगी. एक अडचण: तो पुरता खोडला जात नाही. पावाचा मऊ गर दाबून फिकट करता येतो, घासायचं मात्र नाही.

११. काही काळ्या रेघांभोवती पिवळं वलय दिसतं. तो डाग आहे का?

तेलाचं वलय आहे. ग्वेर्चिनो तरुणपणी, विशेषतः नग्न मॉडेलच्या अभ्यासांत, जवसाच्या तेलात भिजवलेला कोळसा वापरायचा. साधा कोळसा बोटानं पुसला जातो. तेलातला घट्ट बसतो आणि मखमली काळा देतो. पण तेल कागदात पसरतं, पिवळं पडतं, पाठीमागेही उमटतं. करून पाहायचं तर वेलाच्या कोळशाच्या कांड्या रात्रभर तेलात ठेवा, सकाळी नीट पुसा, टाकाऊ कागदावर पहिले फटकारे मारा. चूक दुरुस्त होणार नाही हे धरूनच हात चालवा.

१२. निळ्या कागदावर पांढरा रंग का? आणि काही ठिकाणी तो काळा का पडलाय?

निळा कागद ही मधली छटा. काळा खडू त्याच्याखाली जातो, पांढरा वर येतो; त्यामुळे उजेड आणि सावली दोन्ही हातानं ‘घालता’ येतात, तर पांढऱ्या कागदावर उजेड फक्त राखता येतो (प्रश्न ८). व्हेनिसच्या भागात हा कागद आधीपासून आवडता होता, नंतर सगळीकडे गेला. बरेच कागद प्रकाशानं विटून आता करडे किंवा भुरे दिसतात.

काळा पडलेला पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे त्यावर शिशाचा काळा सल्फाइड जमतो, आणि संताच्या नाकावरचा उजेड काजळासारखा दिसू लागतो. छायाचित्रावरून नक्कल करणारे ती काळी जागाच सावली समजून काढतात! जतनतज्ज्ञ ती रासायनिक उपचारानं परत पांढरी करू शकतात. घरी हात लावू नये. सरावासाठी पांढरा खडू किंवा टायटॅनियम व्हाइट गवाश (अपारदर्शक जलरंग) वापरा. सफेदा विषारी आहे.

१३. रेखाटन मोठ्या चित्रावर कसं नेत?

तीन रीती. रेखाटनावर चौकटी आखून तितक्याच संख्येच्या, पण प्रमाणात मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखायच्या. किंवा पूर्ण मापाच्या कागदाच्या पाठीवर खडू चोळून वरून बोथट टोकानं रेघा दाबायच्या. किंवा रेघांवर सुईनं भोकं पाडून वरून कोळशाच्या पुडीचा बोळा थोपटायचा. आपल्याकडे भरतकामाची नक्षी टोचलेल्या कागदावरून निळीच्या बोळ्यानं उतरवतात, तीच पद्धत.

यांच्या जोडीला उलटी छाप असते: तांबड्या खडूच्या रेखाटनावर ओला कागद ठेवून दाबला की आरशातली फिकट प्रत मिळते. मांडणी उलट करून पाहायला ती सोयीची. अशी छाप ओळखायची खूण: रेघ सपाट आणि कणीदार, कागदात दाब नाही, आणि सावलीच्या तिरक्या रेघा उलट दिशेला. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा साधारण वरून उजवीकडून खाली डावीकडे येतात.

१४. अंतिम चित्र नसलेली, स्वतंत्र रेखाटनं होती का?

होती. रोमचा शिल्पकार बेर्निनी यानं उतारवयात ‘ख्रिस्ताचं रक्त’ ही कल्पना कागदावर मांडली: क्रूस हवेत, खाली रक्ताचा समुद्र, मरिया ते रक्त ओंजळीत झेलते, वर देवपिता. १६७०मध्ये फ्रान्स्वा स्पिएरनं तिचं कोरीव छापचित्र केलं. ही प्रतिमा मनन करण्यासाठीच होती.

जेनोव्हाचा जोव्हान्नी बेनेदेत्तो कास्तील्योने (१६०९–१६६४) तर सरळ तेलमिश्रित रंगानं, कोरड्या कुंचल्यानं, लेप न दिलेल्या कागदावर काढायचा. चित्र आणि रेखाटन यांच्यातली भिंतच तिथे पडते. पत्र्यावर शाई पसरून, पुसून एकच छाप घेण्याची मोनोटाइपची रीतही त्याच्याच नावावर आहे.

१५. सगळे संत अर्धेच का असतात, आणि वर का बघतात?

अर्ध्या आकृतीला किंमत हेही एक कारण आहे. ग्वेर्चिनो आकृत्या मोजून दर लावायचा: पूर्ण आकृती, अर्धी, नुसतं डोकं. घरातल्या प्रार्थनेच्या खोलीसाठी चित्र घेणाऱ्याला अर्धा संत परवडायचा, आणि जवळून पाहताना तो जास्त भिडायचाही.

वरची नजर गीदो रेनीनं रूढ केली; त्याचे काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताच्या डोक्याचे खडूचे अभ्यास पाहावेत. असं डोकं काढताना नवशिका नेहमी एकच चूक करतो: सरळ चेहरा काढून फक्त बुबुळं वर नेतो. डोकं मागे कललं की डोळ्यांची रेषा वर फुगलेल्या कमानीसारखी होते, कान डोळ्यांच्या पातळीखाली येतात, नाकपुड्या आणि हनुवटीचा खालचा भाग दिसतो, कपाळ आखूड होतं. आधी ही कमान आणि जबड्याखालची सावली पक्की करा, बुबुळं शेवटी. मुकुट डोक्याच्या गोलाईवरून जाणारा लंबवर्तुळ आहे, टोपीची पट्टी नाही.

संत ओळखायला हातातल्या वस्तू बघा. कवटी, दगड, सिंह: जेरोम. दोरीला तीन गाठी, तळहातावर जखमा: फ्रान्सिस. मोकळे केस आणि सुगंधी तेलाची कुपी: मग्दालिया मरिया. किल्ल्या, कोंबडा, अश्रू: पेत्र. कवटी एकटीच असेल तर निर्णय घाईनं देऊ नका, ती जेरोम, फ्रान्सिस आणि मग्दालिया मरिया या तिघांच्याही हातात असते.

१६. आमच्याकडे ग्वेर्चिनोचं ‘मूळ रेखाटन’ आहे. खरं असेल का?

आधी ते छापील तर नाही ना ते पाहा. १७६४मध्ये लंडनला गेलेल्या फ्रान्चेस्को बार्तोलोझ्झीनं ग्वेर्चिनोच्या रेखाटनांवरून अनेक छापचित्रं कोरली, त्यांतली कित्येक तपकिरी शाईत छापली गेली. दहापट भिंगातून बघा: छापील रेघ सगळीकडे सारख्या गडदपणाची, किंचित उंचवट्याची, लेखणीच्या रेघेत शाई टोकाला साचते आणि मधे फिकट होते. कडेला पत्र्याचा आयताकृती दाब असेल तर शंका मिटली.

हातानं काढलेलं असेल तरी ते भाच्यांचं, शिष्याचं किंवा नंतरच्या नक्कलकाराचं असू शकतं. नक्कल करणारा बाह्यरेषा हळू, भीतभीत ओढतो. त्याची रेघ कापते आणि तो विचार बदलत नाही. खऱ्या कागदात एखादा हात दोन जागी असतो. मात्र खाडाखोड बनावटही करता येते, म्हणून कागदाच्या तारखुणा, जलचिन्ह आणि शाई तिन्ही जुळायला हवेत. पोलादी निबेच्या दुहेरी ओरखड्याची रेघ दिसली तर कागद बहुधा एकोणिसाव्या शतकातला किंवा नंतरचा. इतकं तपासून झाल्यावर तज्ज्ञाकडे जा. नुसत्या फोटोवरून कुणीही छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

१७. शाईनं कागद जळल्यासारखा झालाय, तुकडे पडताहेत. काय करायचं?

शाईतलं जास्तीचं लोह आणि तयार झालेलं गंधकाम्ल मिळून कागदाचे तंतू तोडतात. आधी पाठीमागे तपकिरी छाया, मग तडा, मग गडद वॉशचा आख्खा तुकडा गळतो. मोडी दप्तरांत हे सहसा दिसत नाही, कारण ती शाई काजळीची. गोव्यातल्या पोर्तुगीज कागदपत्रांत मात्र हीच लोहाची शाई आहे आणि हाच रोगही.

पाणी लावू नका. ओलाव्यानं विरघळणारं लोह निरोगी भागात पसरतं. सेलोटेप, डिंक, लॅमिनेशन, इस्त्री काहीही नको. कागद आम्लरहित पुठ्ठ्यावर सपाट, आधार देऊन ठेवा, वाकवू नका. जतनतज्ज्ञ आधी बॅथोफेनॅन्थ्रोलिनच्या चाचणीपट्टीनं सैल लोह तपासतात. पट्टी गुलाबी झाली तर ते आहे. उपचारात कॅल्शियम फायटेट लोहाला बांधतं आणि नंतर कॅल्शियम बायकार्बोनेट आम्ल मारतं. हे पाण्यातलं काम असल्यानं प्रत्येक कागदाला झेपत नाही.

१८. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात असा कागद किंवा माझा स्वतःचा सराव भिंतीवर लावू का?

जुना कागद नाही. संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी कागद परत अंधारात नेतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर असावी. जूनमध्ये आपल्याकडे ती सहज ८०च्या वर जाते आणि बुरशी, शाईचं पसरणं दोन्ही सुरू होतं. बंद पेटीत, आम्लरहित फोल्डरमध्ये, सिलिका जेलसह ठेवा आणि जेल दर पंधरवड्याला वाळवा. स्वतःचा सराव लावायचा असेल तर बाहेरची भिंत टाळा आणि काच कागदाला टेकू देऊ नका.

१९. गोव्यातल्या बरोक कलेशी या रेखाटनांचा खरा संबंध आहे का?

आहे, आणि तो एका संतातून जातो. फ्रान्सिस झेवियर यांना १२ मार्च १६२२ रोजी संत घोषित केलं ते पंधराव्या ग्रेगरींनी, म्हणजे ग्वेर्चिनोला रोमला नेणाऱ्या पोपांनीच. ग्वेर्चिनो तेव्हा त्याच शहरात काम करत होता. १६२५-२६च्या सुमारास त्यानं महान ग्रेगरींसोबत (हे फार आधीचे, पहिले ग्रेगरी पोप) जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला आणि झेवियर यांना एका चित्रात आणलं.

जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकातलं झेवियर यांचं समाधिपीठ फ्लोरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीनं केलं. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानं दिलेली ती भेट १६९८मध्ये तिथे बसवली गेली. पायथ्याच्या चार बाजूंना झेवियर यांच्या आयुष्यातले प्रसंग ब्राँझच्या उठावात आहेत. बॅटरी न लावता, खिडकीच्या तिरक्या उजेडात ते पाहा. सावली आकृत्यांना कशी बांधते (प्रश्न ८) आणि वर पाहणारं डोकं कसं कललेलं असतं (प्रश्न १५) हे तिथे धातूत दिसतं. वही सोबत न्या. समाधी उंचावर आहे, त्यामुळे चार पावलं मागे उभं राहून काढलेलं रेखाटन जास्त बरोबर येतं.